अरुण दाते आणि बाहेरची मराठी

अरुण दाते ह्यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यातले बरेचसे विशेषणांवर भागवलेले आहे. तरल, हळवा, मखमली, मुलायम ही विशेषणे त्यांच्या आवाजाला लावली, ‘शुक्रतारा’ ह्या शब्दावर एखादी कोटी केली आणि तरुणपणच्या दोन आठवणी सांगितल्या की लेख पुरा होतो. ६ मे २०१८ रोजी, वयाची ८४ वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, मुंबईस त्यांचे निधन झाले, तेव्हाही आम्ही असेच पुष्कळ वाचले. त्यात खोटे काही नव्हते. परंतु त्या आवाजाने मराठी शब्दाचे नेमके काय केले आणि ते त्याच आवाजाला का साधले, ह्याचा विचार त्यात आम्हांस आढळला नाही. तो करावा असे मनात आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या आम्हां लोकांचा त्यात थोडा स्वार्थही आहे; तो पुढे आपोआप उघड होईल.

निमित्त घडले ते असे. गेल्या पावसाळ्यात समता कॉलोनीतील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही सात-आठ मंडळी जमलो होतो. यजमानांनी जुन्या ध्वनिमुद्रिका आणि ध्वनिफिती जपून ठेवल्या आहेत; त्यांतून दाते ह्यांची गाणी ओळीने ऐकावी असा बेत होता. दहा-बारा गाणी झाली असतील, तोच यजमानांचे चिरंजीव, जे इथल्याच हिंदी शाळेत शिकून मोठे झाले, हळूच म्हणाले, “काका, हे सगळं एकच गाणं चालू आहे असं नाही वाटत तुम्हांला?” त्यांच्या आजींना हे मुळीच रुचले नाही. “तुला शब्द कळत नाहीत म्हणून एक वाटतं,” असे त्यांनी तिथल्या तिथे सुनावले. चहा आला आणि विषय बदलला. आम्ही मात्र घरी परतताना अडचणीत सापडलो होतो, कारण नातवाचा आक्षेप अर्धा खरा होता आणि आजींचे उत्तरही अर्धे खरे होते.

दाते ह्यांचा जन्म ४ मे १९३४ चा, इंदूरचा. मूळ नाव अरविंद. अरुण हे नाव गाण्याबरोबर आले आणि तेच राहिले. वडील रामूभैया दाते हे गाण्याचे असे रसिक की पु. ल. देशपांडे ह्यांना ‘गणगोत’मध्ये त्यांचे व्यक्तिचित्र लिहावेसे वाटले. घरी गवयांचा राबता होता. १९४७च्या पुढे कुमार गंधर्व प्रकृतीच्या कारणाने जवळच देवासला येऊन राहिले, आणि पोरवयातल्या अरुणना त्यांच्याकडे शिकण्याचा लाभ झाला. पुढे मुंबईस के. महावीर ह्यांच्याकडे तालीम झाली. माळव्यातील मराठी घरांत त्या काळी मराठी नाट्यपद आणि उर्दू गझल शेजारी-शेजारी नांदत असत. दाते ह्यांचा कल गझलेकडे होता. १९५५ पासून ते आकाशवाणीवर गाऊ लागले. शिक्षण मात्र कापड-तंत्राचे झाले, आणि आयुष्याची ऐन वर्षे त्यांनी गिरणीतल्या नोकरीत काढली. केवळ गाणे असे जीवन त्यांच्या वाट्याला आले ते पन्नाशी ओलांडल्यावर. आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द थोडा हिणवण्यासाठी वापरतात. दाते ह्यांच्या बाबतीत हौसेने त्यांना एक मोठी सवड दिली असे आम्ही म्हणू. पोटासाठी जे मिळेल ते गाण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. चित्रपटाच्या दारात ते फारसे उभेच राहिले नाहीत.

मराठी गाण्याविषयी त्यांच्या मनात प्रथम संकोच होता, अशी हकीकत सांगितली जाते. आपण इंदूरचे, आपल्या बोलण्याला हिंदीचे वळण. पुण्या-मुंबईचे श्रोते आपल्या उच्चारांना हसतील, ही भीती. श्रीनिवास खळे ह्यांनी ‘शुक्रतारा’ त्यांच्यासाठी धरून ठेवले आणि गायक अंग चोरीत राहिला, असे त्या हकीकतीचे स्वरूप आहे.

ही भीती ज्याने अनुभवली नाही त्याला ती क्षुल्लक वाटेल. रायपुरातल्या माणसाला वाटणार नाही. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले तेव्हापासून छत्तीसगडात मराठी बोलली जाते. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. तात्यापाऱ्यातील जुनी मराठी घरे कैक पिढ्यांची आहेत. तरीही आमची मुले ‘मी येऊन राहिलो’ म्हणतात, ‘ळ’ म्हणायच्या आधी क्षणभर थांबतात, आणि चमच्यातला ‘च’ व चरणातला ‘च’ ह्यांत त्यांना भेद करता येत नाही. फार वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील साहित्यिक बैठकीत आम्ही एक निबंध वाचला होता. निबंध संपल्यावर त्यातील मतांविषयी कोणी काही बोलले नाही. एका सद्‌गृहस्थांनी आमच्या एका वाक्याची नक्कल तेवढी करून दाखविली, आणि मंडळी खळखळून हसली. तेव्हापासून व्यासपीठावर आम्ही जे बोलतो ते आधी लिहून, म्हणून पाहून मग बोलतो. म्हणजे असे की, जे पुण्याच्या माणसाला श्वासासारखे आपसूक येते, ते आम्ही जपून, मोजून, प्रत्येक अक्षराला हात लावून करतो.

दाते ह्यांच्या गाण्याची किल्ली आम्हांस इथेच सापडते असे वाटते.

‘शुक्रतारा’ १९६२-६३ च्या सुमारास मुंबई आकाशवाणीवरून ऐकू आले. त्या गाण्याभोवती कोण कोण होते ते पाहावे. कवी मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. हे एक सोडले तर बाकी सारे बाहेरचे. संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्यात जन्मले. सहगायिका सुधा मल्होत्रा तर मराठीच नव्हेत. दिल्लीत जन्मलेल्या पंजाबी. आणि गायक इंदूरचा, त्या वेळच्या मध्यप्रदेशातला. तेव्हा इंदूर आणि आमचे रायपूर एकाच राज्यात होते. मराठी मध्यमवर्गाच्या घरातले अगदी आतले, लग्नाआधीच्या दिवसांचे म्हणून जे गाणे दोन-तीन पिढ्यांनी उराशी धरले, ते असे चहूकडून गोळा होऊन आलेले आहे. ह्यात योगायोग आहेच. त्याला पोषक असे एक धोरणही होते. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ ह्या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार बंद केले आणि त्यांच्या जागी सुगम संगीत निर्माण व्हावे असा आग्रह धरला. पुढे १९५७ मध्ये विविध भारती निघून ते दार पुन्हा उघडले. केसकरांच्या त्या सोवळेपणाची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु चांगल्या कवीची कविता, चांगला संगीतकार आणि चित्रपटाशी संबंध नसलेला गायक ह्यांना एकत्र आणून गाणे घडवून घेण्याची जी सवय आकाशवाणीला त्या वर्षांत लागली, तिच्यावाचून ‘गीतरामायण’ही झाले नसते आणि ‘शुक्रतारा’ही झाले नसते.

आता खुद्द गाण्याकडे वळू. ‘शुक्रतारा, मंद वारा’ हे शब्द म्हणून पाहावेत: गुरू-लघू-गुरू-गुरू, पुन्हा गुरू-लघू-गुरू-गुरू. ‘गालगागा’ तीनदा आणि शेवटी ‘गालगा’, हे देवप्रिया वृत्त. उर्दूत ह्यालाच ‘रमल’ ह्या बहराचे एक रूप म्हणतात, आणि गालिबच्या काही प्रसिद्ध गझला ह्याच चालीच्या आहेत. पाडगांवकरांची कविता गझल नाही, ते गीतच आहे. पण तिची चाल गझलेच्या घरातली आहे. ती मराठीच्या घरात आणून बसविण्याचे मोठे श्रेय माधव जूलियन ह्यांचे. ते फारसीचे अध्यापक, ‘गज्जलांजलि’चे (१९३३) कर्ते, आणि त्यांचाही जन्म बडोद्याचाच! (बडोद्याने मराठीला काय काय दिले ह्यावर कोणी तरी स्वतंत्रपणे लिहावयास हवे.)

अशा लगक्रमाच्या वृत्तात लघू अक्षराला फार महत्त्व असते. गुरू आपोआप उभा राहतो. लघू मात्र गायकाने सांभाळला नाही तर चिरडला जातो. ‘मंद’मधला ‘द’, ‘चांदणे’मधला ‘द’, ही अक्षरे बोलताना आपण अर्धी गिळतो. दाते ती गिळीत नाहीत. त्यांच्यावर जोरही देत नाहीत. हलकेच टेकवून पुढे जातात. गझल गाणाऱ्याला हे शिकावेच लागते, कारण तिथे शब्द हाच राजा आणि तान ही दासी. सुधीर फडके ह्यांच्या गाण्यातही शब्द लख्ख ऐकू येतो, किंबहुना त्याबाबतीत बाबूजींना तोड नाही. पण तिथे शब्द सांगितला जातो, समोरच्याच्या हातावर ठेवला जातो. दाते ह्यांच्या गळ्यात शब्द ठेवलेला असतो, आणि तो सांगावा की न सांगावा अशा विचारात गायक क्षणभर थांबल्यासारखा भासतो. त्यांच्या स्वरातील बारीक कंप अनेकांस तलत महमूदची आठवण करून देतो, आम्हांसही देतो. पण तलतचा कंप दुःखाचा आहे. दाते ह्यांचा आम्हांस तरी संकोचाचा वाटतो.

हे एका गाण्यापुरते नाही. ‘जेव्हा तिची नि माझी’ हे त्यांचे लोकप्रिय गीत घ्या: गागालगा लगागा, आनंदकंद वृत्त, इक्बालच्या ‘सारे जहाँ से अच्छा’ची चाल हीच. शान्ता शेळके ह्यांचे ‘असेन मी, नसेन मी’ घ्या: लगालगा, लगालगा, एकाआड एक पडणारी पावले. सुरेश भटांचे ‘सूर मागू तुला मी कसा’ घ्या: गालगा, गालगा, गालगा. ही चारही गाणी लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमावर उभी आहेत, आणि आमच्या मते दाते ह्यांचे सर्वोत्तम गाणे ह्याच चारांत आहे. ‘असेन मी’मधील दर दुसरा स्वर ते किंचित उशिरा सोडतात, संथ जिन्यावरून उतरताना पायाखालची पायरी चाचपावी तसे. उर्दूने ज्याचा कान घडवला आहे त्यालाच हे सुचावे.

उच्चारांची भीती खरी होती का? ह्याचे उत्तर त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या दोन शब्दसमूहांत मिळते. ‘या जन्मावर, या जगण्यावर’. जन्म हा संस्कृत शब्द, त्याचा ‘ज’ तालव्य, म्हणजे हिंदीतल्यासारखाच. जगणे हा मराठी, त्याचा ‘ज’ दंततालव्य, जो हिंदी माणसाच्या तोंडी येतच नाही. दोन्ही ‘ज’ एका श्वासात, खांद्याला खांदा लावून उभे. बाहेरच्या मुलाची परीक्षा घ्यावयाची तर ह्याहून दुष्ट प्रश्न शोधून सापडणार नाही. आणि इंदूरचा हा गायक दोन्ही ‘ज’ इतके नेमके म्हणतो की त्यांतला भेद पहिल्यांदा आम्हांस ह्या गाण्यातच ऐकू आला, असे कबूल करण्यास आम्हांस संकोच नाही. पुण्यात वाढलेला गायक हे बरोबरच म्हणतो, पण म्हटले हे त्याच्या ध्यानातही नसते, म्हणून ते आपल्याही ध्यानात येत नाही. हाच न्याय ‘राजा आणिक राणी’तल्या राजाच्या ‘ज’ला आणि ‘चांदणे’च्या ‘च’ला. ज्या उणिवेला भिऊन दाते मराठीपासून दूर राहू पाहत होते, तिच्याच धाकाने त्यांना मराठी अक्षरांकडे असे पाहावयास लावले असावे.

इथवर स्तुती झाली. आता नातवाच्या आक्षेपाकडे.

पाडगांवकर आणि यशवंत देव ह्यांच्या जोडीची गाणी दाते ह्यांच्या वाट्याला पुष्कळ आली. ‘भातुकलीच्या खेळामधली’, ‘या जन्मावर’, ‘दिवस तुझे हे फुलायचे’, ‘अखेरचे येतील माझ्या’ ही त्यांतली ठळक. ह्यांपैकी पहिली दोन आठ-आठ मात्रांच्या, आपल्या कानाला पाळण्यापासून ओळखीच्या, पादाकुलकाच्या धाटणीची आहेत. ही चाल स्वतःच धावते. गायकाला तिच्यात थांबावयास जागा थोडी. दाते ह्यांची सारी ताकद थांबण्यात होती. म्हणून ‘या जन्मावर’ हे लक्षावधी लोकांचे लाडके गीत असले तरी त्यात दाते ह्यांच्यापेक्षा पाडगांवकर आणि देव अधिक ऐकू येतात असे आमचे मत आहे. कवितेत उपदेशाचा अंश आहे. गायकाच्या मृदुतेमुळे तो बोचत नाही, इतकीच त्याची कामगिरी. ‘भातुकलीच्या खेळामधली’ ह्या गाण्यातील करुण रस तर अनेकदा ऐकल्यावर थोडा गोड होतो, आणि करुण रस गोड झाला की संपला. हे लिहिताना आमच्या उपपत्तीला एक अपवाद डोळे वटारून उभा आहे, तो लपविणे बरे नव्हे: शंकर वैद्य ह्यांचे ‘स्वरगंगेच्या काठावरती’ हेही आठ-आठ मात्रांचेच, पण ते निस्तुल आहे. तिथे हृदयनाथ मंगेशकरांनी चाल अशी बांधली आहे की मात्रांचे धावणे दिसूच नये. उपपत्ती मोडली तरी चालेल. ते गाणे राहिले पाहिजे. वा. रा. कांत ह्यांच्या ‘सखी शेजारिणी’लाही आम्ही ह्याच पंक्तीत बसवू, तिथे वसंत प्रभूंनी गायकाला सवड दिली आहे.

एकसुरेपणाचे दुसरे कारण गायकाच्या गळ्यात नसून यंत्रात आहे. जुन्या थाळीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे मावत असे. नभोवाणीवरही ते एकटेच येई. त्याच्या आधी कोणाचे कीर्तन, नंतर बाजारभाव. आमच्याकडे रात्री नागपूर केंद्र लागले तर लागे, आणि त्या खरखरीतून दाते ह्यांचे एक गाणे कानी पडले की दुसऱ्या दिवसापर्यंत पुरत असे. अशा एकटेपणासाठी घडवलेली ही गाणी आहेत. पुढे मोठ्या ध्वनिमुद्रिका आल्या, ऐंशीच्या दशकात घरोघरी ध्वनिफिती आल्या, आणि एकाच गायकाची आठ-दहा गाणी सलग ऐकण्याचा प्रघात पडला. एकाच भावाची, एकाच लयीची, एकाच संध्याकाळची दहा गाणी! अत्तराचा फाया कानात ठेवावा; कुपी अंगावर उपडी करू नये. मात्र दोष सगळाच यंत्रावर ढकलणे अन्यायाचे होईल. दाते ह्यांच्या पाठीशी लता मंगेशकर, आशा भोसले, सुमन कल्याणपूर ह्यांच्यासारख्या सहगायिका होत्या, उत्तमोत्तम कवी होते. तरी प्रेम आणि विरह ह्यांच्या कुंपणाबाहेर ते क्वचितच गेले. कुमार गंधर्वांच्या हाताखाली बसलेल्या माणसाने एखादे निर्गुणी भजन, एखादा कडवा अभंग मराठीला दिला असता तर, असे मनात येते. लोकांनीही त्यांना बाहेर जाऊ दिले नाही, हे खरे. ‘शुक्रतारा’ ह्या रंगमंचीय कार्यक्रमाचे २५०० हून अधिक प्रयोग झाले. अडीच हजार वेळा तीच संध्याकाळ उभी करावयाची, आणि तीही संकोचाचा तोच ताजेपणा राखून! आत्मचरित्रालाही त्यांनी ‘शतदा प्रेम करावे’ हेच नाव दिले. आपले गाणे आणि आपले जगणे ह्यांत अंतर ठेवावे असे त्यांना वाटले नाही.

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा समता कॉलोनीत जाण्याचा योग आला. ह्या वेळी आम्ही मुद्दाम एकच गाणे मागितले. ध्वनिफीत नको, जुनी थाळीच लावा म्हटले. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि ‘शुक्रतारा’ सुरू झाले. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. नातू दारात उभा होता. गाणे संपले तरी आत आला नाही. मग म्हणाला, “काका, ते ‘चांदणे’ पुन्हा लावता? तो ‘च’ माझ्याच्यानं येत नाही.” यजमानांनी सुई उचलून पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली. तिसऱ्या खेपेस मुलाने तो शब्द म्हटला. आजींनी डोळे न उघडताच सांगितले, “अजून नाही. दातांपाशी आण.”